गाभ्यातली सगळ्यात गरम पिन : सोडियम, शिसं, हेलियम आणि वितळलेल्या मिठाच्या अणुभट्ट्यांचं औष्णिक गणित

प्रश्न सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा आहे. त्यांनी लिहिलंय : 'पाण्याऐवजी दुसरं शीतक वापरणाऱ्या अणुभट्टीच्या गाभ्याचं थर्मल हायड्रॉलिक डिझाइन हा विषय प्रोजेक्टसाठी घेतला आहे. सोडियममधून उष्णता पाण्यापेक्षा शंभरपट सहज वाहते, म्हणजे गाभा थंड ठेवणं सोपंच असणार ना? शिसं, हेलियम आणि वितळलेलं मीठ यांची तुलना कशी करू? सॉफ्टवेअर कुठलं वापरू?'

सॉफ्टवेअरचं शेवटी बघू. प्रश्नातली शंभरपटीची गोष्ट खरी आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. ही चूक भले भले करतात, म्हणून उत्तराला तिथूनच हात घालतो.

मी वाळवा तालुक्यातला. नोकरीची पहिली तीन वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली आणि पुढची सव्वीस वर्षं अणुइंधनाच्या जुड्यांमधून पाणी आणि सोडियम फिरवून मोजमापं घेण्यात. या कामाचा मूळ धडा मात्र बॉयलरवरच मिळाला. ऐन गळीत हंगामात एक नळी फुटली. ड्रमचा दाब, फीड वॉटरचं तापमान, वाफेचा एकूण प्रवाह, लॉगबुकातला एकेक आकडा जागच्या जागी होता. नळी कापून पाहिली तर आत क्षाराचा जाड थर. शेकडो नळ्यांतली ती एकच नळी अर्धपोटी होती आणि बाकीच्यांच्या भरल्या पोटाची सरासरी आम्ही लॉगबुकात लिहीत होतो. अणुभट्टीचा गाभा तसाच असतो. हजारो पिनांची, म्हणजे इंधन भरलेल्या बारीक नळ्यांची, सरासरी कितीही चांगली असू द्या, भट्टी किती ताकदीवर चालवायची हे सगळ्यात गरम पिन ठरवते. शीतक बदललं की बदलतं ते एवढंच, की ती पिन कुठे सापडेल आणि कशामुळे गरम झालेली असेल.

आता आकडे. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या प्रोटोटाइप फास्ट ब्रीडरची, म्हणजे वेगवान न्यूट्रॉनांवर चालून नवं इंधनही तयार करणाऱ्या भट्टीची, मापं उघड आहेत, तीच घेऊ. औष्णिक शक्ती १२५० मेगावॉट, सोडियम ३९७ अंशाला आत येतो आणि ५४७ ला बाहेर पडतो. इंधनाच्या १८१ सबअसेंब्ली, म्हणजे पिनांच्या जुड्या, प्रत्येकीत २१७ पिना, पिनेचा व्यास ६.६ मिलिमीटर. पिनेच्या एका मीटरमागे जास्तीत जास्त ४५ किलोवॉट उष्णता निघते.

या उष्णतेचा प्रवास पेलेटच्या, म्हणजे पिनेत भरलेल्या इंधनाच्या वडीच्या, मध्यापासून सुरू होतो. मध्य आणि पृष्ठभाग यांच्या तापमानातला फरक म्हणजे मीटरमागची उष्णता भागिले (४ × π × वाहकता). या सूत्रात पेलेटचा व्यास येतच नाही, हे नीट पाहून ठेवा. पिन जाड करा की बारीक, मीटरमागची उष्णता तीच असेल तर फरक तोच. ऑक्साइड इंधनाची वाहकता मीटरमागे, अंशामागे २.७ वॉट धरली तर हा फरक १३०० अंशांच्या आसपास येतो. पेलेटच्या मध्ये भोक ठेवतात ते त्यातलं थोडं वाचवण्यासाठी. पुढे पेलेट आणि आवरण यांच्यामधल्या फटीत काही शे अंश जातात. आवरण म्हणजे पिनेची स्टीलची नळी, जिला सगळे क्लॅडिंग म्हणतात. ती जेमतेम ०.४५ मिलिमीटर जाडीची, तिथे चाळीस-पंचेचाळीस अंश. आणि क्लॅडिंगपासून सोडियमपर्यंत किती? हिशेब करून पाहिलात तर अकरा-बारा अंश!

तुमच्या शंभरपटीचा सगळा फायदा या अकरा-बारा अंशांत संपला. इंधनाच्या आतल्या तेराशेला सोडियम हातही लावू शकत नाही.

मग सोडियम घ्यायचाच कशाला? एक तर तो न्यूट्रॉनांना फारसा मंदावत नाही आणि फास्ट ब्रीडरला तेच हवं असतं. दुसरं, तो ८८३ अंशाला उकळतो, त्यामुळे दाब न वाढवताही उकळीपासून तीनशेहून जास्त अंश लांब राहता येतं. तव्यावरच्या पाण्याच्या थेंबाचं आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. तवा बेताचा तापला असेल तर थेंब चर्रकन उडून जातो, फार तापला असेल तर तोच थेंब वाफेच्या गादीवर कितीतरी वेळ नाचत राहतो. पाण्याच्या अणुभट्टीत नेमकी हीच भीती. पिनेवर वाफेची गादी बसली की उष्णता बाहेर पडायची वाट बंद होते आणि क्षणात क्लॅडिंग तापतं. भांड्यातल्या पाण्यात साध्या हवेच्या दाबाला ही गादी दर चौरस मीटरला साधारण १.१ मेगावॉटच्या सुमाराला धरते. दाब आणि वेग यांच्या जोरावर पाण्याच्या भट्ट्या त्याच्या पुढे जातात, पण ती मर्यादा कायम डोक्यावर असते. वरच्या सोडियमच्या पिनेतून दर चौरस मीटरला २.२ मेगावॉट निघतात आणि एक बुडबुडा उठत नाही. म्हणून पिना एकमेकींच्या अगदी जवळ ठेवता येतात आणि लहानशा गाभ्यात प्रचंड शक्ती मावते.

पण एका कामात सोडियम कमजोर आहे. घनफळामागे उष्णता वाहून न्यायची त्याची ताकद ३०० अंशांच्या पाण्याच्या साधारण चौथाई आहे. उष्णता तो झटकन उचलतो, पण एका खेपेत थोडीच नेतो. त्यामुळे खेपा वाढवाव्या लागतात, म्हणजेच त्याला पळवावं लागतं. १२५० मेगावॉट १५० अंशांच्या वाढीत न्यायचे तर सेकंदाला साडेसहा टन सोडियम लागतो, म्हणजे साधारण पावणेआठ घनमीटर. कोयनेच्या पायथा वीजगृहाचं एक युनिट सुरू केलं की नदीत १०५० क्युसेक सोडल्याची बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतो. हा प्रवाह त्याच्या जवळजवळ चौथा हिस्सा आहे. त्याला इंधनाच्या पिनांमधून जायला मिळणारी मोकळी जागा सगळी मिळून अर्ध्या दाराएवढी, ०.९ चौरस मीटर. त्या जागेत सोडियम सेकंदाला सात-आठ मीटरने धावतो आणि पिनांच्या जुडीतच साडेतीन-चार बार दाब खातो.

आता सगळ्यात गरम पिन शोधू. सोडियम वर चढताना सरासरी १५० अंशांनी तापतो. पिनांमधल्या एखाद्या फटीला दहा टक्के प्रवाह कमी मिळाला तर तिथे तो १६७ अंशांनी तापेल. म्हणजे दहा टक्क्यांच्या चुकीचे सतरा अंश झाले, क्लॅडिंग आणि सोडियम यांच्यातल्या पूर्ण फरकापेक्षाही जास्त. म्हणून सोडियमच्या गाभ्याचं डिझाइन हे मुळात वाटपाचं डिझाइन आहे. कोणाला किती प्रवाह मिळतो, या एका प्रश्नावर माझी बहुतेक नोकरी गेली.

उसाला पाटाने पाणी देताना दारं धरणारा माणूस काय करतो ते आठवा. चढाची सरी, उताराची सरी, भुसभुशीत माती, घट्ट माती, प्रत्येकीला वेगळा वेळ देतो. सगळी दारं सारखी उघडली तर उताराला पाणी तुंबतं आणि चढाचा ऊस वाळतो. गाभ्यातही मधल्या सबअसेंब्लीत उष्णता जास्त असते आणि कडेला कमी. सगळ्यांना सारखा सोडियम दिला तर कडेचा सोडियम अर्धवट तापून बाहेर पडतो आणि मधला जादा तापतो. म्हणून प्रत्येक सबअसेंब्लीच्या पायात तिच्या वाट्याप्रमाणे प्रवाह आवळणारं ऑरिफिस बसवतात आणि गाभ्याचे प्रवाह-विभाग पाडतात. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या जड पाण्याच्या भट्ट्यांत ३९२ नळ्या आहेत. तिथेही प्रत्येक नळीला तिच्या शक्तीच्या मानाने प्रवाह जुळवलेला असतो.

ब्रीडरमध्ये याहून चिवट अडचण आहे. कडेला ब्लँकेटच्या सबअसेंब्ली असतात, त्यांत युरेनियमचं प्लुटोनियम होत असतं. इंधनाची उष्णता दिवसेंदिवस उतरत जाते आणि ब्लँकेटची चढत जाते. ऑरिफिस मात्र एकदाच बसतं. ते ब्लँकेटच्या शेवटच्या दिवसाच्या हिशेबाने ठरवावं लागतं, त्यामुळे पहिल्या दिवशी तिथून गरजेपेक्षा जास्त सोडियम जातो आणि वर मिसळणारं तापमान थोडं पडतं. हा तोटा डोळे उघडे ठेवून पत्करायचा असतो. विद्यार्थ्यांच्या अहवालांत तो मला क्वचितच दिसतो, कारण त्यांनी गाभ्याचा फक्त पहिला दिवस मोजलेला असतो.

सबअसेंब्लीच्या आतही वाटप आहेच. प्रत्येक पिनेवर एक बारीक तार मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते. ती पिनांना एकमेकींपासून लांब ठेवते आणि सोडियमला एका फटीतून शेजारच्या फटीत ढकलते. तार नसती तर कडेच्या रुंद फटींतून सोडियम निवांत निसटला असता आणि मधल्या फटी तापल्या असत्या. तार असूनही कडेचा सोडियम मधल्यापेक्षा थंडच निघतो. सबअसेंब्लीच्या तोंडाशी थर्मोकपल जे दाखवतं ते या सगळ्याचं मिश्रण असतं. आतली सगळ्यात गरम फट त्याच्या कितीतरी वर असते आणि ती कोणी थेट मोजत नाही, हिशेबानेच गाठावी लागते. त्या हिशेबात पेलेटच्या व्यासातला फरक, इंधनाच्या प्रमाणातला फरक, प्रवाहातला फरक, मोजमापातला फरक असे सगळे गुणक चढवतात आणि तरीही क्लॅडिंग नेहमीच्या चालण्यात ७०० अंशांच्या आत ठेवतात.

वाटपाबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, कारण आपल्या भागातली मुलं इथे हटकून फसतात. तासगावच्या द्राक्षबागेत ठिबकची लांब नळी टाकली की शेवटच्या ड्रिपरला पाणी कमी पडतं, हे शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला सांगावं लागत नाही. लांब आणि बारीक नळीत घर्षण वरचढ ठरतं. पण आखूड, रुंद हेडरमध्ये, म्हणजे शाखांना पाणी वाटणाऱ्या मुख्य नळीत, वेग मोठा असतो. पाणी पुढे जाता जाता शाखांमध्ये वाटलं जातं, वेग उतरतो आणि उतरलेल्या वेगाचा दाब होतो. तिथे शेवटच्या शाखेला जास्त मिळतं आणि तोंडाशी असलेली उपाशी राहते. नोकरीच्या सुरुवातीला एका चाचणीत मी ठिबकाचा अनुभव डोक्यात ठेवून शेवटच्या शाखेलाच मीटर लावला आणि पहिली मोजलीच नाही. आठवडाभराच्या नोंदी फेकाव्या लागल्या. सबअसेंब्ली ज्यावर उभ्या असतात ते गाभ्याखालचं ग्रिड प्लेटचं पोकळ घर या दुसऱ्या जातीचं असतं.

वाटप पूर्णच बंद पडलं तर काय होतं हे १९६६ साली दिसलं. अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या फर्मी-१ या सोडियमच्या भट्टीत ५ ऑक्टोबरला झिर्कोनियमचा एक पत्रा सुटून प्रवाहाबरोबर गाभ्याखाली आला आणि सबअसेंब्लींच्या तोंडावर बसला. दोन सबअसेंब्लींतलं इंधन काही अंशी वितळलं. तो पत्रा सुरक्षेसाठी म्हणून आराखड्यात मागाहून घातलेला होता. भट्टी पुन्हा १९७० साली सुरू झाली आणि १९७२ मध्ये कायमची बंद झाली. त्यानंतरच्या डिझाइनांत सबअसेंब्लीच्या पायाला खालून एकच तोंड न ठेवता चारी बाजूंनी भोकं ठेवतात, म्हणजे एखादा तुकडा आला तरी सगळी एकदम बंद होत नाहीत. तुमच्या अहवालात प्रवेशाची ही भोकं काढायला विसरू नका.

भट्टी बंद केल्यावरचा प्रश्न वेगळा. अणुविभाजनाची साखळी थांबली तरी इंधन तापतच राहतं, पहिल्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के, तासाभराने दीडेक टक्का, दिवसाने अर्धा टक्का. १२५० मेगावॉटचा अर्धा टक्का म्हणजे सहा मेगावॉट. वीज गेली, पंप थांबले, तर ही उष्णता सोडियमने स्वतःच्या पायाने वर नेली पाहिजे. गरम सोडियम हलका होतो. दीडशे अंशांच्या फरकाला घनमीटरमागे सुमारे ३५ किलो. गाभा आणि वरचा उष्णता-विनिमयक यांच्या उंचीत ४ मीटरचा फरक धरला तर मिळणारा रेटा चौदा सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा. पंप जिथे नुसत्या पिनांच्या जुडीसाठी पस्तीस मीटरचा रेटा लावत होता तिथे चौदा सेंटीमीटर! तरीही एवढ्यावर मूळ प्रवाहाचे तीन-चार टक्के वाहतात आणि उरलेल्या उष्णतेला तेवढं पुरतं. कल्पाक्कमच्या भट्टीत या कामासाठी ८ मेगावॉटचे चार स्वतंत्र फेरे आहेत, त्यांच्या शेवटी धुराड्यांतून आपोआप वर चढणाऱ्या हवेत उष्णता सोडली जाते. इथे एकेक वळण, एकेक ऑरिफिस महत्त्वाचं होतं. पंप असताना जो अडथळा खिजगणतीत नव्हता तो चौदा सेंटीमीटरच्या हिशेबात डोंगराएवढा होतो.

आता शिसं. तुलना कशी करायची याचा नमुना म्हणून हीच पिन आणि हीच उष्णता घेऊन फक्त सोडियमच्या जागी शिसं ओता. शिसं घनफळामागे सोडियमच्या १.४ पट उष्णता नेतं, म्हणजे इथवर बरंच. पण शिशाने स्टील झिजतं. स्टीलवर ऑक्साइडचा पातळ थर राखून ते वाचवतात आणि तो थर टिकवायचा तर वेग सेकंदाला दोन मीटरच्या आसपासच ठेवावा लागतो. सोडियम पावणेआठने धावत होता. म्हणजे तेवढ्याच तापमानवाढीसाठी पिनेमागे मोकळी जागा २.७ पट हवी, २३ चौरस मिलिमीटरऐवजी सुमारे ६२. पिनांमधलं अंतर ८.३ मिलिमीटरवरून साडेदहावर गेलं. गाभा फुगला. पण सात-आठ मीटरची धाव संपल्यामुळे दाबाचा खर्च साडेतीन बारवरून एका बारच्या आत आला, आणि पंप बंद पडल्यावरच्या आपोआप चालणाऱ्या प्रवाहाला मोठीच सोय झाली. स्टीलची एक मर्यादा गाभ्याचा आकार, पंप आणि बंद पडल्यानंतरची वागणूक, तिन्ही ठरवून गेली. शिशाच्या भट्ट्यांच्या चित्रांत पिना अशा विरळ का असतात याचं कारण एवढंच.

शिशाची दुसरी बाजू गोठण्याची. ते ३२७ अंशाला गोठतं, म्हणून भट्टी बंद असतानाही तापवत बसावं लागतं. बिस्मथ मिसळलं की हा बिंदू १२५ वर येतो, पण बिस्मथपासून पोलोनियम हे घातक किरणोत्सारी मूलद्रव्य तयार होतं. सोव्हिएत पाणबुड्यांत हे मिश्रण वापरलं गेलं. के-२७ या पाणबुडीत १९६८ साली शिशाच्या ऑक्साइडचा गाळ गाभ्यात अडकून इंधन तापलं आणि फुटलं. शीतक वेगळं, देश वेगळा, पण घटना फर्मीचीच, काही फटींना प्रवाह मिळाला नाही. रशियात सेव्हर्स्कला ३०० मेगावॉटची शिशाची भट्टी बांधायला २०२१ मध्ये सुरुवात झाली. तिच्याकडे मी फार आस्थेने बघतो आहे, कारण शिशातला ऑक्सिजन वर्षानुवर्षं नेमका राखणं हे मला या घराण्यातलं सगळ्यात अवघड काम वाटतं.

हेलियमचा विचार पार उलटा आहे. ७० बार दाबालासुद्धा तो घनफळामागे सोडियमच्या पन्नासाव्या भागाइतकीच उष्णता नेतो. त्याला पळवून पळवून किती पळवणार? म्हणून दोन गोष्टी करतात. तापमान खूप वाढू देतात आणि गाभा विरळ ठेवतात. चीनमधल्या शिदाओवानच्या भट्टीत हेलियम २५० अंशाला शिरतो आणि ७५० ला निघतो. २५० मेगावॉटला सेकंदाला ९६ किलो हेलियम पुरतो, हे तुम्ही एका ओळीत पडताळून पाहू शकता. गाभा ३ मीटर व्यासाचा, ११ मीटर उंच, त्यात इंधनाचे कण भरलेले, सहा सेंटीमीटर व्यासाचे ग्रॅफाइटचे चार लाखांहून जास्त गोळे. घनमीटरमागे शक्ती जेमतेम ३.२ मेगावॉट. पाण्याच्या दाबभट्टीत हाच आकडा शंभरच्या आसपास असतो. जागेची ही उधळण जाणून केलेली आहे. हेलियम पूर्ण निघून गेला तरी उरलेली उष्णता ग्रॅफाइटमधून झिरपत भिंतीपर्यंत जावी आणि इंधनाचे कण १६०० अंशांच्या आसपास राहावेत, यासाठी गाभा उंच आणि सडपातळ. जानेवारी-फेब्रुवारीत गुऱ्हाळावर रस आटवायची काहील जशी पसरट असते, कारण तिथे उष्णता द्यायची असते, तशी इथे मुद्दाम बारीक कंबर, कारण उष्णता बाहेर जाऊ द्यायची आहे.

पण गोळ्यांच्या ढिगात हेलियम कुठून जातो हे कोणी आखून दिलेलं नसतं. जर्मनीत यूलिखला ए.व्ही.आर. ही अशीच भट्टी १९६७ ते १९८८ चालली. वेगवेगळ्या तापमानाला वितळणाऱ्या तारा घातलेले खास गोळे १९८६ मध्ये तिच्यात सोडले. बाहेर आल्यावर त्यांतल्या काही गोळ्यांतल्या सगळ्या तारा वितळलेल्या होत्या, म्हणजे तिथे १२८० अंशांच्या वर तापमान गेलं होतं. हिशेब त्याहून दोनशेएक अंश खाली सांगत होता. वीस वर्षं चाललेल्या भट्टीतली सगळ्यात गरम जागा कोणाला ठाऊक नव्हती. माझ्या मते गोळ्यांच्या भट्टीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग आधी अभ्यासावा, मगच स्वतःच्या आकडेमोडीवर विश्वास ठेवावा.

वितळलेल्या मिठावर थोडकंच लिहितो, कारण माझा हात त्यावर फार फिरलेला नाही. लिथियम आणि बेरिलियमच्या फ्लोराइडांचं मीठ घनफळामागे उष्णता भरपूर नेतं, सोडियमच्या चौपट. अमेरिकेत ओक रिजला १९६५ ते १९६९ चाललेल्या आठेक मेगावॉटच्या प्रायोगिक भट्टीत इंधन याच मिठात विरघळलेलं होतं आणि ते साडेसहाशे अंशांच्या आसपास फिरत होतं. इथे पिन नाही, पेलेट नाही, ते तेराशे अंशही नाहीत. उष्णता शीतकाच्या अंगातच जन्मते. मग सगळ्यात गरम जागा कुठे? जिथे मीठ घुटमळतं तिथे. भांड्याच्या कोपऱ्यात भोवरा पडला की तेच मीठ तिथे फिरत राहतं, तापत राहतं आणि शेजारच्या धातूला भाजतं. शिवाय मीठ वाहत असल्याने उशिरा निघणारे न्यूट्रॉन, ज्यांच्या जोरावर भट्टी आवरता येते, काही वेळा गाभ्याबाहेरच्या नळीत निघतात, त्यामुळे प्रवाह बदलला की भट्टीचं नियंत्रणही बदलतं. अतिदाबाचं पाणी, म्हणजे २२१ बारच्या वर आणि ३७४ अंशांच्या पुढे जाणारं, हाही एक पर्याय आहे. पण त्या बिंदूजवळ उष्णता-वहन अचानक ढासळतं आणि अवघी चाळीस-पन्नास अंशांची चूक क्लॅडिंगला भारी पडते. एका प्रोजेक्टमध्ये तो घेऊ नका.

आता सॉफ्टवेअर. प्रवाहाच्या बारीक हिशेबाला ओपनफोम फुकट मिळतं, ते घ्या, पण त्यात दोन सापळे आहेत. पहिला, पाण्यासाठी पाठ झालेलं उष्णता-वहनाचं डिटस-बोएल्टरचं सूत्र सोडियमला लावू नका. वरच्याच पिनेसाठी ते नुसेल्ट अंक, म्हणजे पृष्ठभागावरून द्रवाकडे उष्णता किती जोमाने जाते त्याचं माप, पंचवीस देतं, तर द्रव धातूंसाठीचं लायनचं सूत्र दहाच्या आसपास देतं. अडीचपट चूक, तीही धोक्याच्या बाजूची. कारण द्रव धातूत उष्णता भोवऱ्यांच्या आधीच, वहनाने, पुढे निघून गेलेली असते. दुसरा सापळा त्याच जातीचा. सॉफ्टवेअरमध्ये टर्ब्युलंट प्रांट्ल अंक, म्हणजे भोवरे वेगाच्या मानाने उष्णता किती मिसळतात त्याचा अंक, ०.८५ किंवा ०.९ असा भरलेलाच येतो. तो हवा-पाण्यासाठी आहे. द्रव धातूला तो याहून बराच मोठा लागतो. मी तपासलेल्या बहुतेक अहवालांत तो कोणी बदललेला नव्हता आणि रंगीत चित्रं मात्र सुरेख होती.

आणि खरं सांगायचं तर तुमच्या जागी मी निम्मा प्रोजेक्ट संगणकाबाहेर करेन. शंभर अंशांच्या जवळच्या पाण्याचा आणि ४७० अंशांच्या सोडियमची कायनेमॅटिक श्यानता, म्हणजे घनतेच्या मानाने दाटपणा, जवळजवळ सारखीच असते. म्हणून सोडियमच्या सबअसेंब्लीच्या दाबाच्या आणि कंपनाच्या चाचण्या जगभर पाण्यावर होतात. उष्णता-वहन मात्र पाण्यावर मोजता येत नाही, तिथे प्रांट्ल अंक, म्हणजे श्यानता आणि उष्णता पसरण्याचा वेग यांचं गुणोत्तर, आड येतो. कॉलेजच्या हायड्रॉलिक्स लॅबमध्ये अॅक्रिलिकची एक षट्कोनी नळी करून घ्या. आत बारा मिलिमीटरचे सात स्टीलचे रॉड, प्रत्येकावर दोन मिलिमीटरची तार एकाच दिशेने गुंडाळलेली. तारेचा एक पूर्ण वेढा साधारण २० सेंटीमीटरला बसवा. यू-ट्यूब मॅनोमीटरने वेढ्यामागचा दाब मोजा, रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खवळलेला आहे त्याचं माप) दोन हजारापासून वीस हजारापर्यंत. आधी तारेशिवाय, मग तारेसह. मधल्या फटीत सुईने रंग सोडा आणि एका वेढ्यात तो कडेपर्यंत पोचतो का ते मोबाइलवर टिपा. मग खालच्या बाजूने एक फट मेणाने बुजवा आणि वर किती अंतरावर प्रवाह पुन्हा सावरतो ते पट्टी लावून मोजा. रॉड सरळ आहेत की नाही हे आधी सपाट काचेवर लोळवून बघा. बाजारातून आणलेला बारा मिलिमीटरचा रॉड हमखास वाकडा निघतो, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या बाकाने कडेच्या फटीचं माप पार बदलतं.